तार एक, विकणारे अनेक

इतिहासाच्या तासाला मुले कधी काय विचारतील याचा नेम नसतो. मी औद्योगिक क्रांती शिकवीत होतो. वाफेचे यंत्र झाले, कापडाच्या गिरण्या झाल्या, विजेच्या दिव्यापर्यंत येऊन पोहोचलो, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचा मामा मुंबईला, अंधेरीच्या बाजूला राहतो. मुलगा म्हणाला, "सर, मामाने वीज बदलली. आधी एका कंपनीची होती, आता दुसरीची आहे. पण नवी तार आली नाही, नवा खांब आला नाही, भिंतीला भोकसुद्धा पाडले नाही. मग बदलले ते काय?" वर्गात हशा पिकला. हसे ओसरते तोच दुसरा एक जण बसल्या जागेवरून म्हणाला, "आणि सर, आपल्या गावात का नाही बदलता येत?"

या दोन प्रश्नांची उत्तरे मला त्या तासाला नीट देता आली नाहीत. घंटा झाली म्हणून सुटलो. पण प्रश्न खरे होते, आणि त्यांची उत्तरे शोधू लागलो तेव्हा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे मूळ विजेच्या स्वभावात आहे. ज्वारीचे पोते कोणत्या शेतातले हे सांगता येते. दूध कोणाच्या गोठ्यातले हे रतीब घालणारा सांगतो. विजेचे तसे नाही. आपण एका मोठ्या पाटाची कल्पना करू. पाटाला दहा जण आपापल्या विहिरींतून पाणी सोडतात आणि खाली शंभर जण आपापल्या वाफ्यात ते वळवून घेतात. तुम्ही रामरावांच्या विहिरीचे पैसे दिले आणि शेजाऱ्याने शामरावांच्या, तरी तुमच्या वाफ्यातला थेंब रामरावांचाच असे कोणी म्हणू शकणार नाही. पाणी सारे मिसळलेले. खरे असते ते वहीतले मोजमाप. रामरावांच्या गिऱ्हाइकांनी जेवढे पाणी घेतले, तेवढे रामरावांनी पाटात सोडले पाहिजे. कमी सोडले तर भरपाई द्यायची. आणि पाट ज्याचा आहे, ज्याला तो दुरुस्त ठेवावा लागतो, त्याला दोघांनीही पाटाचे भाडे द्यायचे.

विजेचे हेच आहे. फरक एवढाच, की पाटातले पाणी थोडा वेळ थांबते. तारेतली वीज थांबत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. म्हणून पाटावर जसा पाटकरी, तसा विजेच्या जाळ्यावर भार प्रेषण केंद्र नावाचा पहारेकरी असतो. महाराष्ट्राचे असे केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. तेथे रात्रंदिवस माणसे बसून असतात आणि कोणी किती वीज जाळ्यात घातली, कोणी किती काढली, याचा हिशेब दर पंधरा मिनिटांना होतो. दिवसाचे असे ९६ भाग. मामाने वीज बदलली म्हणजे या वहीतले खाते बदलले. तार तीच, खांब तोच, दिवा तोच. बदलला तो फक्त विकणारा.

ऐकायला किती सोपे वाटते! पण एवढी साधी युक्ती माणसाला सुचायला आणि अमलात आणायला शंभर वर्षे का लागली?

विजेचा धंदा सुरू झाला तेव्हा तार आणि वीज वेगळी काढता येईल असे कोणाच्या मनातही नव्हते. ज्याचे यंत्र, त्याचीच तार, त्याचेच गिऱ्हाईक. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडन शहरात अशा कितीतरी छोट्या कंपन्या आणि नगरपालिकांची वीजघरे होती. प्रत्येकाचा विजेचा दाब निराळा, पद्धत निराळी. बिऱ्हाड एका भागातून दुसऱ्या भागात हलविले तर जुने दिवे तिथे चालतीलच असा भरवसा नसे. हा गोंधळ निस्तरण्यासाठी ब्रिटनने १९२६ साली कायदा करून देशभर एक विद्युत जाळे उभारायला घेतले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या कायद्याने सारा धंदाच सरकारच्या हाती घेतला. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. एका गल्लीत दोन कंपन्यांचे खांब उभे करायचे, दोघांचे तांबे दुप्पट खर्चायचे आणि तो खर्च शेवटी गिऱ्हाइकाकडूनच वसूल करायचा, यात शहाणपण कसले? एका गल्लीला एकच तार पुरे. आणि तार एकाची, म्हणून वीजही त्याचीच.

आपल्याकडेही असेच घडले. मुंबईत १९०५ साली स्थापन झालेल्या कंपनीने १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू केली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये ती महापालिकेने घेतली, तीच आजची 'बेस्ट'. टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज करून १९१५ पासून ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. पुढे भिवपुरी १९२२ साली आणि भिरा १९२७ साली सुरू झाले. उपनगरांसाठी १९२९ मध्ये आणखी एक कंपनी निघाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे आली आणि संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० च्या जूनमध्ये, आपले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. खेडोपाडी खांब पोहोचले ते या मंडळामुळे. हे आपण विसरता कामा नये. जिथे नफा नाही अशा वाडीवर कोणतीही खाजगी कंपनी आपण होऊन तार ओढायला आली नसती.

म्हणजे मक्तेदारी ही नुसती खोड नव्हती, तिच्या पाठीशी कारण होते. पण मक्तेदारीला एक दुर्गुण चिकटलेला असतो. गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाणार कुठे, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. मग खर्च वाढतो, गळती वाढते, तक्रारीच्या अर्जावर धूळ बसते.

यातून वाट काढली ती एका साध्या विचाराने. तार ही एकच असायला हवी, हे खरे. पण वीज तयार करणारा एकच असायला हवा, असे कुठे आहे? आणि गिऱ्हाइकाला ती विकणाराही एकच कशाला? रस्ता एक असतो, त्याच्यावर गाड्या अनेकांच्या धावतात. बाजार समितीचे आवार एक असते, व्यापारी अनेक असतात. मग विजेच्या धंद्याचे तुकडे करा. निर्मिती वेगळी, लांब पल्ल्याने वाहून नेणे म्हणजे पारेषण वेगळे, गावातल्या तारा वेगळ्या आणि विक्री वेगळी. तारांवर सरकारी नियामकाचा पहारा ठेवा आणि सांगा, की तारवाल्याने ठरलेले भाडे घेऊन कोणाचीही वीज वाहून नेली पाहिजे. आपला-परका करता कामा नये. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने १९८२ च्या कायद्याने या वाटेवर आधी पाऊल टाकले. तिथे मोठ्या ग्राहकांना वीज उत्पादकाशी परस्पर दर ठरविण्याची मुभा मिळाली.

मात्र अगदी घरच्या दिव्यापर्यंत हा प्रयोग कसा उतरला, ते ब्रिटनमध्ये चांगले दिसते. मार्गारेट थॅचर पंतप्रधान असताना १९८९ साली नवा वीज कायदा झाला आणि १९९० मध्ये सरकारी धंद्याचे तुकडे होऊन त्यांतले बहुतेक विकले गेले. पण ग्राहकाला निवडीचा हक्क एकदम दिला नाही, पायरीपायरीने दिला. १९९० साली एक मेगावॉटहून अधिक मागणी असलेल्या मोठ्या कारखान्यांना. १९९४ मध्ये शंभर किलोवॉटच्या वरच्यांना, म्हणजे मध्यम कारखाने, मोठी दुकाने यांना. आणि सप्टेंबर १९९८ पासून मे १९९९ पर्यंत एकेक भाग घेत सर्व घरांना.

आधी मोठ्यांना आणि मग लहानांना, असे का? त्याचे एक कारण मीटरमध्ये आहे. मोठ्या ग्राहकाकडे दर अर्ध्या तासाचा वापर टिपणारे मीटर बसविता आले. घरच्या मीटरचा आकडा मात्र काही महिन्यांनी एकदा वाचायचा. मग या घराने संध्याकाळी सात वाजता किती वीज घेतली, हे विकणाऱ्याच्या खात्यात मांडायचे कसे? शेवटी साधारण घराच्या दिवसभराच्या वापराचा नमुना ठरवून त्या अंदाजाने हिशेब करावा लागला. कोट्यवधी घरांचा असा हिशेब ठेवण्याची यंत्रणा उभारायलाच काही वर्षे गेली. सांगायचे ते हे, की निवडीचा हक्क हा नुसता कायद्यात लिहून मिळत नाही. त्याच्यामागे वही, मीटर आणि कारकून उभे करावे लागतात.

या सुधारणेला इंग्रजीत जे नाव पडले, त्याचा अर्थ नियमनातून सुटका असा होतो. पण इतिहास पाहिला तर गंमत दिसते. जितके विकणारे वाढले, तितके नियम वाढले. ब्रिटनमध्ये दारोदार फिरणारे विक्रेते आले. सही घेऊन जात आणि आपण कंपनी बदलली हे म्हातारीला पुढचे बिल आल्यावर कळे. त्यासाठी नियम करावे लागले. जे ग्राहक जागरूक, ते स्वस्त दर शोधून बदलत राहिले. जे जुन्याच कंपनीवर विसंबून राहिले, त्यांच्याकडून जास्त पैसे घेतले जाऊ लागले. शेवटी जानेवारी २०१९ पासून अशा ग्राहकांसाठी सरकारने दराला वरची मर्यादा घातली. २०२१ साली नैसर्गिक वायूचे भाव भडकले, तेव्हा वीज-वायू विकणाऱ्या सुमारे ३० कंपन्या थोड्याच महिन्यांत बुडाल्या. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विकणारा बुडाला म्हणून कोणाच्या घरचा दिवा विझला नाही. कारण तार त्या कंपनीची नव्हतीच. नियामकाने त्या ग्राहकांची खाती दुसऱ्या विक्रेत्याच्या वहीत नेली. मात्र या फेरफाराचा खर्च पुढे सगळ्याच ग्राहकांच्या बिलांत चढला. ज्यांनी कधी कंपनी बदलली नव्हती, त्यांनीही तो भरला.

नियम चुकले तर काय होते, ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात दिसले. तिथे १९९६ साली कायदा झाला आणि १९९८ पासून ग्राहकांना निवड मिळाली. पण व्यवस्था अशी होती, की जुन्या कंपन्यांनी आपली बरीच वीजघरे विकून टाकायची, रोजच्या बाजारातून वीज विकत घ्यायची आणि गिऱ्हाइकाला मात्र बांधलेल्या दराने द्यायची. बाजारात भाव चढा आणि दुकानात भाव बांधलेला. असे दुकान किती दिवस चालणार? २००० च्या उन्हाळ्यात घाऊक भाव कित्येक पटींनी चढले. सॅन डिएगो शहरात दर आधीच मोकळे झाले होते. तिथल्या घरांची बिले दुपटीवर गेली. जानेवारी २००१ मध्ये पाळीपाळीने वीज बंद करण्याची वेळ आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्यातल्या एका मोठ्या वीज कंपनीने दिवाळे जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये ग्राहकांचा निवडीचा हक्कच स्थगित झाला. पुढे चौकशीत उघड झाले, की टंचाई होती त्यापेक्षा अधिक भासविण्यात काही व्यापाऱ्यांचा हात होता, आणि त्यांत एन्रॉन कंपनी होती.

एन्रॉन हे नाव आपल्याला नवे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात दाभोळ प्रकल्प उभारला तो याच कंपनीच्या पुढाकाराने. त्याचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. ती वीज आपल्या मंडळाला परवडेना, वाद वाढला आणि २००१ साली खरेदी थांबून प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचेही दिवाळे निघाले. दोन्ही ठिकाणची कहाणी निराळी. कॅलिफोर्नियात बाजार होता पण पहारा ढिला होता. आपल्याकडे बाजारच नव्हता, एक विकणारा आणि एक घेणारा यांच्यातला लांब मुदतीचा करार होता. पण धडा जवळचाच. दर कसा ठरतो हे ग्राहकाला दिसत नसेल, तर तो एका कंपनीचा असो की दहा कंपन्यांचा, बिल भरणाऱ्याची फसगत होऊ शकते.

आता मुंबईच्या मामाकडे येऊ. भारतात जून २००३ मध्ये नवा विद्युत कायदा अमलात आला. त्याने १९१० आणि १९४८ चे जुने कायदे मोडीत काढले. त्यात दोन दारे उघडली गेली. पहिले दार मोठ्या ग्राहकांसाठी. एक मेगावॉटहून अधिक मागणी असेल, तर भाडे देऊन दुसऱ्याच्या तारेवरून आपल्या पसंतीची वीज आणता येते. यालाच मुक्त प्रवेश म्हणतात. २०२२ साली केंद्राने नियम करून सौर, पवन अशा हरित विजेपुरती ही मर्यादा शंभर किलोवॉटवर आणली. दुसरे दार असे, की एकाच भागात एकाहून अधिक कंपन्यांना वितरणाचा परवाना देता येतो. कायद्यानुसार आपले विद्युत मंडळही २००५ च्या जूनमध्ये विभागले गेले आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या त्यांच्या सूत्रधारी कंपनीखाली आल्या.

मुंबईच्या उपनगरांत १९२९ ची ती जुनी कंपनी घरोघर वीज देत होती. २००३ च्या सुमारास ती रिलायन्सकडे गेली, २०१८ मध्ये अदानींकडे. टाटांची वीज त्याच शहरात येत होती, पण मुख्यतः गिरण्या, रेल्वे, मोठे कारखाने आणि इतर वीज कंपन्यांना. वाद पेटला तो असा, की टाटांना लहान घरगुती ग्राहकाला थेट वीज विकता येते का? रिलायन्सचे म्हणणे, त्यांचा परवाना ठोक पुरवठ्याचा आहे. हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि इतिहासाच्या माणसाला आनंद व्हावा अशी गोष्ट घडली. न्यायालयाने जुनी परवानापत्रे उघडली: १९०७ ची, १९१९ ची, १९२१ ची आणि १९५३ ची. त्या जुन्या कागदांतील शब्द अन् शब्द तपासला गेला आणि ८ जुलै २००८ रोजी निकाल लागला, की टाटांना किरकोळ ग्राहकालाही वीज देण्याचा अधिकार आहे. जुने दप्तर रद्दीत घालू नये, ते यासाठी!

पण अधिकार मिळाला तरी तार कुठे होती? उपनगरांतल्या गल्लीबोळांतून नवी तार टाकायची म्हणजे रस्ते खणणे, वर्षे घालविणे, खर्च दुप्पट करणे. तेव्हा ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्ग काढला. टाटांचा ग्राहक होऊ इच्छिणाऱ्याने अर्ज करावा. वीज रिलायन्सच्याच तारेवरून येईल, त्याबद्दल तारेचे भाडे बिलात लागेल. मामाने बदलले ते याच वाटेने. म्हणून भिंतीला भोक पडले नाही. आणि म्हणूनच फ्यूज उडाला किंवा भूमिगत तार जळाली, तर दुरुस्तीला येतो तो तारवालाच. नव्या कंपनीने विजेचा दर कमी लावला असेल, पण तारेचा दोष ती दूर करू शकत नाही. वीज बदलली म्हणजे दाब सुधारला असे होत नाही. निवडीची ही मर्यादा पुष्कळांना ठाऊक नसते.

या निवडीला लगेच एक वळण लागले. मुंबईत जास्त वीज वापरणाऱ्याचा दर चढा आणि थोडी वापरणाऱ्याचा दर उतरता, अशी जुनी रीत आहे. मोठ्याच्या बिलातून लहानाच्या बिलाला हातभार लागतो. आता मोठा ग्राहकच दुसरीकडे गेला, तर मागे राहिलेल्या लहान ग्राहकांचा भार कोणी उचलायचा? लोणी एकाने न्यायचे आणि ताक दुसऱ्याकडे ठेवायचे, असा प्रकार होतो आहे, ही तक्रार आयोगापुढे आली. २०११ मध्ये आयोगाने जाणाऱ्या ग्राहकावर अधिभार बसविला. २०१२ मध्ये काही काळासाठी ही वाट महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांपुरतीच खुली ठेवली. पुढे दर बदलले, तसे काही ग्राहक परतही फिरले. आणि त्याच मुंबईत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्टच्या भागात मात्र ही सोय नाही. कारण पूर्वीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेला २००३ च्या कायद्याने आपल्या तारा इतरांसाठी खुल्या करण्याच्या बंधनातून वगळले आहे. म्हणजे माहीमच्या खाडीच्या अलीकडे एक न्याय, पलीकडे दुसरा.

इथे दुसऱ्या मुलाचा प्रश्न येतो: आपल्या गावात का नाही?

त्याचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. आपल्या गावात वितरणाचा परवाना एकाच कंपनीचा आहे. गावातला ग्राहक विखुरलेला, वापर थोडा, वाडीवस्तीपर्यंत तार लांब. शिवाय शेतीपंपाचा दर मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि त्याची भरपाई कारखाने व व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून आणि सरकारी अनुदानातून होते. अशा गिऱ्हाइकासाठी स्पर्धा करायला धावत कोण येणार? उलट जिल्ह्यातला मोठा कारखाना मुक्त प्रवेशाच्या दाराने बाहेर पडला, तर आपल्या पंपाला लागणारा हातभार तेवढा कमी होतो. म्हणूनच बाहेर पडणाऱ्यावर अधिभार बसतो; तो वाढवावा की घटवावा, याची भांडणे चालतात. एकाच तारेवर अनेक विक्रेते आणणारे दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडले गेले, समितीकडे गेले आणि संमत होण्याआधीच २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपली. हा प्रश्न वीज कंपन्यांच्या कचेरीतला वाटतो, पण त्याचे एक टोक आपल्या विहिरीवरच्या पंपाला बांधलेले आहे.

आणि इथे मला इतिहासातली आणखी एक गोष्ट आठवते. मघाशी १९२१ च्या परवान्याचा उल्लेख केला. तो नीला-मुळा खोऱ्याच्या प्रकल्पाचा, म्हणजे मुळशीच्या धरणाचा. त्याच वर्षी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. घरेदारे, भाताची खाचरे पाण्याखाली जाणार होती. सत्याग्रहींनी तुरुंगवास सोसला. पण धरण झाले, आणि त्या पाण्यावर भिऱ्याची वीज मुंबईला गेली. आज त्या शहरातला माणूस कोणाची वीज घ्यावी हे ठरवितो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्यांच्या खाचरांवरून ती वीज वाहिली, त्यांना त्या वेळी काहीच ठरविता आले नव्हते. वीज शहरात जाते तेव्हा खेड्याचे म्हणणे कोण ऐकतो, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे.

सुदैवाने आज त्याचे थोडे तरी उत्तर कायद्यात आहे. वीजदर वाढविण्याआधी कंपनीला आपला प्रस्ताव जाहीर करावा लागतो, आणि आयोगाला त्यावर लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. ही हरकत कोणीही पाठवू शकतो. त्याला वकील लागत नाही. मीटर चुकीचे असेल, बिल अवाच्या सवा आले असेल, तर कंपनीकडे तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे. घराच्या छपरावर सौर पाट्या बसवून उरलेली वीज जाळ्यात घालायची आणि तिची बिलात वजावट घ्यायची, ही सोयही आपल्या राज्यात २०१५ च्या नियमांनी आली. गावच्या माणसाला विक्रेता निवडता येत नाही, पण विजेचा थोडासा भाग स्वतः पिकविता येतो.

शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला एकदा मुलांना घरचे वीजबिल आणायला सांगा. त्यात विजेचा आकार वेगळा आणि वहन आकार वेगळा दाखविलेला असतो. वहन आकार म्हणजे आपल्या पाटाचे भाडे. ते दोन आकडे मुलांनी शेजारी-शेजारी लिहून पाहिले, की तार कोणती आणि वीज कोणती हे त्यांना माझ्या भाषणापेक्षा लवकर कळेल. आणि मग त्यांना विचारा, हे आकडे कोणी ठरविले? कोणापुढे ठरले? त्या वेळी आपल्या गावातून कोणी बोलले होते का?

निवडीचा हक्क मोठा आहे यात शंका नाही. जाता येते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याशी विकणारा जरा अदबीने वागतो. पण लंडन, कॅलिफोर्निया आणि मुंबई या तिन्ही ठिकाणांनी एकच गोष्ट शिकविली आहे. तार सर्वांना सारख्या भाड्याने खुली असेल, हिशेब उघडा असेल आणि लहान ग्राहकाचा भार वाऱ्यावर सोडलेला नसेल, तरच ती निवड खरी. नाहीतर मालक बदलतो, गिऱ्हाइकाचे हाल बदलत नाहीत. निवड आपल्या गावापर्यंत यायची तेव्हा येईल. तोवर बोलण्याचा हक्क आपल्याकडे आहे, आणि तो न वापरल्याबद्दल दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सारे सांगितले. मागच्या बाकावरचा तो मुलगा थोडा वेळ विचार करीत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सर, मामाने वीज नाही बदलली. वही बदलली." मी म्हटले, "बरोबर. आणि वही कशी लिहितात ते आपण वाचायला शिकले पाहिजे."